घरात आधीचं मांजर आहे आणि नवं पिल्लू येतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणी पिल्लू आणायचं ठरवलं की मला फोन येतो. कारण माझ्याकडे नऊ वर्षांची ठकी असताना मी अडीच महिन्यांचा टिल्लू आणला आणि पहिल्या दिवशी करू नये ते सगळं केलं. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं लिहून ठेवली. पिल्लू यायचं असेल तर सावकाश वाचा. येऊन झालं असेल आणि आत्ता बाहेरून फिस्कारण्याचा आवाज येत असेल, तर आधी पिल्लाला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा आणि मग वाचायला बसा.

दोघांना सरळ समोरासमोर आणलं तर काय बिघडतं? एवढंसं पिल्लूच तर आहे!

तुम्हाला पिल्लू दिसतं, घरच्या मांजराला घुसखोर. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकटं राहणारं आणि एकटं शिकार करणारं. कुत्र्यासारखी कळपाची ओढ त्याच्या रक्तात नाही. भटकी मांजरं घोळक्याने दिसतात खरी, पण त्यात बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या भाट्या आणि त्यांची पिल्लं असतात, आणि आसपास खाणं भरपूर असतं. उपऱ्याला तिथेही आधी पंजाच खावा लागतो.

मी काय केलं, तर हॉलच्या मधोमध कॅरियर ठेवून त्याचं दार उघडलं. टिल्लू शेपटी ताठ करून थेट ठकीकडे चालत गेला. तिने पाठीची कमान केली, फिस्कारली, त्याला एक चापटी ठेवून दिली आणि कपाटावर चढली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. वर ठेवलेल्या प्रवासाच्या बॅगेवरच तिने शू केली. ती बॅग मी तीनदा धुतली, शेवटी टाकून दिली. मग दार लावून पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुठे अडीच महिन्यांनी घर शांत झालं. माझी ही फजिती बघून शेजारणीने नीट पद्धतीने पिल्लू आणलं, तिचं काम तीन आठवड्यांत झालं.

पिल्लू किती वयाचं आणावं?

आठ आठवड्यांच्या आतलं नको, बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलेलं असेल तर उत्तम. चावताना कुठे थांबायचं आणि समोरचा 'पुरे' म्हणतोय हे कसं ओळखायचं, या गोष्टी ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. फार लवकर वेगळं केलेलं पिल्लू मोठ्या मांजराने दटावलं तरी मागे हटत नाही, आणि तिथेच खटके उडतात. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाच्या बाबतीत अर्थातच निवड आपल्या हातात नसते.

आमचं मांजर तेरा वर्षांचं आहे, दिवसभर झोपून असतं. त्याला सोबत म्हणून पिल्लू आणावं का?

त्याच्यासाठी नको. तुम्हाला हवं असेल तर आणा, पण त्याच्या नावावर खपवू नका. मोठं मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतंच, त्याला कंटाळा म्हणत नाहीत. शिवाय या वयात बहुतेक मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली असते. ती लंगडत नाहीत म्हणून आपल्या लक्षात येत नाही. नीट पाहिलंत तर दिसेल: खिडकीत एका उडीत जाणारं मांजर आता आधी खुर्चीवर चढतं, जरा थांबतं, मग खिडकीत जातं. अशा मांजराच्या शेपटीवर दिवसातून वीस वेळा कुणी झडप घातली तर त्याचं म्हातारपण कसं जाईल, याचा विचार करा.

तरीही आणायचंच असेल तर आधी त्याची तपासणी करून घ्या: रक्त, लघवी, रक्तदाब, दात. मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा त्रास निघाला तर आधी उपचार मार्गी लावा. दोन-तीन वर्षांचं शांत स्वभावाचं मांजर म्हाताऱ्याला पिल्लापेक्षा पुष्कळदा परवडतं. आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण एकाऐवजी दोन पिल्लं आणली तर ती एकमेकांशीच कुस्ती खेळतात आणि म्हाताऱ्याला मोकळं सोडतात. फक्त तुमचं काम दुप्पट होतं.

पिल्लू घरी यायच्या आधी डॉक्टरकडे न्यायलाच हवं का?

हो, आणि घरी आल्यावरही निदान दोन आठवडे दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. ओळख हळू करायची म्हणून हे दिवस लागतातच, आजारांसाठीही तेच दिवस कामी येतात.

सगळ्यात भीती पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य आजाराची. या विषाणूची लागण झालेलं पिल्लू पहिले काही दिवस अगदी टुणटुणीत दिसू शकतं, मग अचानक खाणं सोडतं, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. हा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो आणि हाताला लावायच्या साध्या सॅनिटायझरला दाद देत नाही. फरशी, ट्रे आणि भांडी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी अशा द्रावणाने पुसतात, दहा मिनिटं तसंच ठेवतात आणि पुन्हा स्वच्छ धुतात. मोठ्या मांजराची लस राहून गेली असेल तर पिल्लू आणायच्या आधी ती देऊन घ्या. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. एक टोचून आणलं की झालं, असं नसतं.

फेलाइन ल्यूकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची तपासणीही करून घ्या. हा आजार लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून आणि सामाईक वाटीतून पसरतो. नायट्याकडेही लक्ष ठेवा. कानामागे किंवा नाकावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर तो तुम्हालाही होऊ शकतो.

पिसवांबद्दल एकच सांगते, पण ते लक्षात ठेवाच. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका. मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो. पिल्लाचं वजन करून डॉक्टरांनी दिलेलं औषधच लावायचं.

पिल्लासाठी वेगळी खोली कुठून आणू? घर लहान आहे.

खोली लहान चालते, दार मात्र हवं. बाथरूम चालेल, पक्की जाळी लावलेली बाल्कनी चालेल, काहीच नसेल तर मोठा पिंजरा अर्धा चादरीने झाकून कोपऱ्यात ठेवा. आत लिटर ट्रे (शी-शूसाठी वाळूसारखं 'लिटर' भरलेला ट्रे), त्यापासून लांब खाणं-पाणी, आणि दडायला एक आडवं पाडलेलं खोकं. मोठ्या मांजराची लाडकी जागा मात्र पिल्लाला देऊ नका. ज्या खोलीत ते दुपारचं ऊन खात पडतं तीच बंद केलीत, तर पिल्लू दिसायच्या आधीच सवत आल्याची खात्री पटते.

वासाची ओळख म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळा खेळ इथेच आहे, आणि नेमकं हेच लोक उरकून टाकतात. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर आणि कपाळाच्या कडांना ग्रंथी असतात. ते सोफ्याला, दाराला, तुमच्या पोटरीला गाल घासतं तेव्हा 'हे माझं' अशी मोहोर उमटवत असतं. घर म्हणजे त्याच्या लेखी अशा मोहोरांचा नकाशा. तुम्हाला त्या नकाशात पिल्लाचा वास हळूच मिसळायचाय.

एक स्वच्छ मोजा हाताला चढवा, पिल्लाच्या गालांवरून, हनुवटीखालून हलकेच फिरवा. तो मोजा मोठ्या मांजरापासून दोन हात लांब जमिनीवर ठेवा आणि बाजूला व्हा. त्याच्या नाकाशी नेऊ नका. ठकी पहिल्या दिवशी त्या मोज्याकडे मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून गेली. हुंगलं, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर तशीच राहिली. हसण्यावारी नेऊ नका, टाळूतल्या वास घेणाऱ्या खास अवयवाकडे ती तो वास पोचवत होती. मग फिस्कारली आणि निघून गेली. चौथ्या दिवशी हुंगून नुसतीच बाजूला झाली. सातव्या दिवशी त्याच मोज्याशेजारी बसून पंजा चाटत होती. मला हवं होतं ते हेच: प्रेम नाही, दुर्लक्ष.

तिचा वास लावलेला दुसरा मोजा पिल्लाच्या खोलीत जातो. पिल्लांना त्याचं फारसं काही वाटत नाही, बहुतेक पिल्लं त्याच्याशी खेळतात. मग दिवसातून एकदा जागांची अदलाबदल करा. पिल्लू कॅरियरमध्ये किंवा दुसऱ्या खोलीत, मोठं मांजर पिल्लाच्या खोलीत एकटं. त्याला प्रत्येक कोपरा निवांत हुंगू द्या, मागे मागे फिरू नका.

दाराआड जेवण देतात ते कशासाठी?

पलीकडून परका वास येतोय आणि इकडे आवडीचं खाणं मिळतंय, ही जोडी डोक्यात बसावी म्हणून. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवायच्या, पण सुरुवातीला दारापासून इतक्या लांब की मोठं मांजर निवांत खाईल. दर एक-दोन दिवसांनी वाटी वीतभर पुढे. मध्येच खाणं थांबवून ते दाराकडे टक लावून बघू लागलं, तर तुम्ही पुढे गेलात; वाटी मागे घ्या. यात कमीपणा काही नाही, मी तर दोनदा पुन्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. पाण्याची वाटी आणि ट्रे मात्र दारापाशी ठेवू नका. तहान लागल्यावर भीती गिळून यावं लागू नये.

मग दार उघडायचं कधी?

दोन्ही वाट्या दाराला टेकल्या आणि दोघं शेपटी न आपटता खायला लागली की. पहिली भेट जाळीतून किंवा बोटभर उघड्या दारातून. दार आणखी ढकललं जाऊ नये अशी अडसर लावून ठेवा. दिसणं हा वासापेक्षा मोठा धक्का असतो, त्यामुळे इथे पुन्हा थोडं फिस्कारणं होईल. घाबरू नका.

काही दिवस हे सुरळीत गेलं की खरी भेट. त्याआधी पिल्लाला पिसाच्या काठीने एवढं खेळवा की ते धापा टाकत आडवं होईल, मग खायला घाला. पेंगुळलेलं पिल्लू हा जगातला सगळ्यात सभ्य पाहुणा असतो. मोठ्या मांजराला दुसऱ्या कुणीतरी खाऊ देत किंवा खेळवत राहावं. पाच मिनिटं झाली, सगळं ठीक आहे, आणि तुम्हाला 'अजून थोडा वेळ' असा मोह होतोय? नेमकं तेव्हाच दार लावा. पिल्लाला हातात धरून मोठ्यासमोर कधीही नेऊ नका. त्याला पळता येत नाही, आणि बोचकारे तुमच्या हाताला बसतात.

मोठी मांजरी पिल्लावर फिस्कारते. तिला रागवू का?

अजिबात नको. फिस्कारणं म्हणजे 'लांब राहा', एवढंच. सरळ बोलतेय ती. त्याबद्दल ओरडलात तर ती एक धडा शिकते: हे पिल्लू दिसलं की मला बोलणी बसतात. फिस्कारूनही पिल्लू हटलं नाही आणि तिने नखं आत ठेवून एक टप्पू मारला, तर तेही चालतं. मला काळजी वाटते ती गप्प बसणाऱ्या मांजराची. आवाज नाही, पापणी हलत नाही, अंग जमिनीला चिकटलेलं, नजर पिल्लावर खिळलेली. तिथे नजर तोडा. मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरा आणि शांतपणे दोघांना वेगळं करा.

ती खेळतायत की भांडतायत, ओळखायचं कसं?

आवाजावरून. खेळ बहुतांशी मुकाट चालतो, पाळीपाळीने चालतो: आत्ता हा वर, मग तो वर, मध्येच थांबून दोघं अंग चाटतात आणि पुन्हा सुरू होतात. भांडणात किंचाळणं असतं, केस उडतात, कान डोक्याला सपाट चिकटतात, शेपटी बाटली साफ करायच्या ब्रशसारखी फुगते. आणि संपल्यावर काय होतं ते बघा. खेळ संपल्यावर दोघं त्याच खोलीत राहतात. भांडणानंतर एक जण पलंगाखाली जाऊन बसतो आणि जेवायलाही येत नाही. मधलीही एक अवस्था असते: पिल्लू खेळतंय, मोठं मांजर सोसतंय. दर वेळी एकच झडप घालतो आणि दुसरा फक्त निसटतो, तर तो छळ समजा आणि पिल्लाला काठीशी खेळायला न्या.

भांडण जुंपलंच तर?

हात घालू नका. मांजराचा चावा बाहेरून सुईच्या टोकाएवढा दिसतो आणि आत खोल जाऊन पिकतो. चावा बसलाच तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतः डॉक्टरकडे जा. मोठ्याने टाळी वाजवा, उशी टाका, दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवा. वेगळं झाल्यावर लगेच उचलून समजूत घालायला जाऊ नका. चवताळलेलं मांजर समोर येईल त्याच्यावर राग काढतं, आणि समोर तुम्ही असता. अंधाऱ्या शांत खोलीत काही तास एकटं सोडा. मग पुन्हा दाराआडच्या जेवणापासून.

लिटर ट्रे किती?

मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. दोन मांजरांना तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबाने एकच. पिल्लासाठी बुटक्या काठाचा, म्हाताऱ्यालाही तोच सोयीचा. अगदी लहान पिल्लं लिटर खाऊन बघतात, म्हणून सुरुवातीला गोळे न होणारं वापरा. कुठे बाहेर शू झालीच तर अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसू नका, मांजराच्या नाकाला तो वास लघवीशीच जुळतो. एंझाइमवालं क्लीनर घ्या.

पिल्लू मोठ्याचं खातं आणि मोठं पिल्लाचं. काय करू?

भरलेल्या वाट्या दिवसभर ठेवणं बंद. ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या जागी द्या आणि वीस मिनिटांनी उचला. पिल्लाचं खाणं जास्त उष्मांकाचं असतं, ते खाऊन मोठं मांजर सुटतं. उलट मूत्रपिंडासाठीचं पथ्याचं खाणं वाढत्या पिल्लाला पुरत नाही.

नसबंदी कधी?

साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, नेमकी तारीख डॉक्टरांशी बोलून. 'अजून लहान आहे' म्हणून थांबू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यात पिल्लू गाभण राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि घरात नसबंदी न झालेला बोका असेल तर तो बहीण-मुलगी काही पाहत नाही. मोठ्याचीही राहिली असेल तर पिल्लू आणायच्या आधी उरका. भिंतीवर फवारे मारणं आणि मारामाऱ्या, दोन्ही पुष्कळ कमी होतात.

फेरोमोनचा डिफ्यूझर लावू का?

लावा, पण चमत्काराची वाट बघू नका. गालाच्या ग्रंथींतल्या गंधाची ती नक्कल असते. काही घरांत फरक पडतो. दार लावून ठेवायचा कंटाळा आला म्हणून त्याच्या भरवशावर दार उघडलंत, तर पैसे वाया.

एकूण किती दिवस लागतात?

दोन आठवडे ते काही महिने. ठरवायचं मोठ्या मांजराने. ते नेहमीसारखं खातंय, ट्रे वापरतंय, तुमच्या मांडीवर येतंय, तर तुमचा वेग बरोबर आहे. यातलं एकही बदललं तर एक टप्पा मागे. आणि त्याचा वेळ त्याला द्या. सकाळी खिडकीत बसून अंग खाजवून घ्यायची सवय असेल तर ती दहा मिनिटं पिल्लू आलं म्हणून हुकता कामा नयेत. घरात उंच जागा वाढवा: मांडणी, कपाटाचा माथा, चढायला मध्ये एखादं स्टूल. लहान पिल्लाला फार उंच जाता येत नाही, तेवढे दोन-तीन महिने ती जागा मोठ्याच्या मालकीची.

कशाला रुसवा म्हणून सोडून द्यायचं आणि कशासाठी डॉक्टर गाठायचा?

दोन दिवस तुमच्याकडे पाठ करून बसणं, हा रुसवा. चोवीस तास काहीच न खाणं, हा रुसवा नाही. विशेषतः लठ्ठ मांजराने काही दिवस खाणं सोडलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेततं. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, पण थेंबही येत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ताणामुळे मूत्राशयाचा त्रास उफाळतो आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती तुंबते. सकाळपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही. पिल्लांना तर चोवीस तासही जास्त. खाणं सोडून मलूल पडलं की त्याच दिवशी न्या. भांडणानंतर तीन-चार दिवसांनी अंगावर कुठे गरम, दुखरी गाठ लागली तर आत पू झालेला असतो. आणि घरातली माणसांची औषधं देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

शेवटी ती एकमेकांना बिलगून झोपतील ना?

काही झोपतात. पुष्कळशी झोपत नाहीत, आणि तीही सुखात असतात. एका घरात, एकमेकांच्या वाटेत न येता, आपापल्या वेळी आपापल्या जागी बसणं हे मांजरांचं उत्तम चाललेलं नातं असतं. पिल्लू वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत नातं बदलतही राहतं.

ठकी आता तेरा वर्षांची आहे, टिल्लू तिच्या दीडपट झालाय. पलंगावर ती उशीकडे, तो पायथ्याशी, मध्ये माझे पाय. मागच्या महिन्यात तो ऑपरेशन होऊन घरी आला तेव्हा ती कॅरियरपाशी आली, जाळीतून त्याला हुंगलं, दवाखान्याचा वास आल्यावर सणसणीत फिस्कारली आणि कपाटावर चढायला वळली. आता तिला तिथवर उडी मारता येत नाही, म्हणून आधी स्टुलावर. मी मोजा शोधायला गेले.